जाते गेले, विळी राहिली

काही वर्षांपूर्वी इंदूरच्याच एका गणेशोत्सवात जुन्या स्वयंपाकघरातील वस्तूंचे प्रदर्शन मांडले होते. पितळी डबे, घंगाळे, बंब, सोऱ्या, पाटा-वरवंटा आणि मधोमध एक जाते. जात्याला झेंडूची माळ घातलेली, वर हळद-कुंकू वाहिलेले, शेजारी मूठभर गहू. येणारा प्रत्येक जण तिथे थांबे, दगडाला हात लावून पाही आणि 'काय ते दिवस होते' असे म्हणून पुढे जाई. एक गृहस्थ मात्र मोठ्याने म्हणाले, "हे होतं म्हणून आपल्या आज्या निरोगी होत्या. हल्लीच्या बायकांना हे जमायचं नाही."

शेजारी खुर्चीवर ऐंशी पार केलेल्या एक आजी बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग बसा की. खुंटा धरा. पायलीभर दळून उठा, मग बोलू आपण."

हशा पिकला, गृहस्थही हसले आणि गर्दी पुढे सरकली. पण त्या आजींचे घर माझ्या माहितीतले आहे. चतुर्थीच्या मोदकांचे नारळ त्या आजही स्वतः, लग्नात आणलेल्या विळीवर खवतात. सुनेने हौसेने आणलेले नारळ खवण्याचे विजेचे यंत्र अजून खोक्यातच आहे. जिला जात्याचे नाव नको, तीच बाई विळी कोणाच्या हाती द्यायला तयार नाही. 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांना हे कोडे सुटत नाही आणि 'जुने सगळे माळ्यावर टाका' म्हणणाऱ्यांनाही सुटत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर या वस्तूंचा इतिहास थोडा मागून पाहावा लागतो.

नर्मदेकाठचा पाटा

आपण इंदूरकर महेश्वरला जातो ते अहिल्याबाईंची राजधानी म्हणून. घाटावर उभे राहून पलतीराकडे पाहिले की नावडातोली हे गाव आहे. १९५०च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया आणि त्यांचे सहकारी यांनी तेथे उत्खनन केले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती त्यातून उजेडात आली. गोल आणि चौकोनी झोपड्यांच्या खुणा, नक्षी काढलेली मातीची भांडी, गहू, मसूर, मूग, जवस यांचे जळून कोळसा झालेले दाणे आणि धान्य रगडण्याचे दगड, असे एक अख्खे स्वयंपाकघरच हाती आले. पुढे पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला जे मोठे उत्खनन झाले, तेथेही ताम्रपाषाण युगातल्या शेतकऱ्याच्या घराचे असेच चित्र दिसले.

हे रगडण्याचे दगड म्हणजे जाते नव्हे. खाली एक पसरट, मध्ये झिजून खोलगट झालेला दगड, वर हातात मावणारा दुसरा. गुडघ्यांवर बसून, अंगाचा भार टाकून पुढे-मागे रगडायचे. आपला पाटा-वरवंटा तो हाच. आज तो चटणीपुरता उरला असला, तरी त्या काळी पीठही त्याच्यावरच होत असे. गोल फिरणारे दोन दगडांचे जाते आपल्याकडे बरेच उशिरा आले. दख्खनमध्ये ते सातवाहन काळापासून दिसू लागते. नेवाशाच्या उत्खननात अशी जाती मिळाली आणि डॉ. सांकलियांनी भारतातील फिरत्या जात्यांवर १९५९ साली स्वतंत्र टिपणही लिहिले. म्हणजे आपल्या भागापुरते पाहिले तर जाते हे पाट्याहून सुमारे दीड हजार वर्षांनी धाकटे. उखळाचे वय आणखी वेगळे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील अठ्ठाविसाव्या सूक्तात घरोघरी चालणाऱ्या उखळाला उद्देशून ऋचा आहेत.

आपण मात्र या सगळ्यांवर 'पारंपरिक' असा एकच शिक्का मारून मोकळे होतो. जाते जेव्हा पहिल्यांदा घरात आले असेल, तेव्हा ते नवे यंत्रच होते. पुढे-मागे रगडण्यात दर खेपेला हात परत आणावा लागतो, त्यात निम्मे श्रम वाया जातात. गोल फिरवण्यात ते वाचतात. गंमत म्हणजे भाषेने ही गोष्ट जपून ठेवली आहे. 'जाते' हा शब्द संस्कृत 'यंत्र' या शब्दापासूनच आला. यंत्राचे प्राकृतात 'जंत' झाले, आणि मराठीत 'जाते'. आपल्या आज्यापणज्या पहाटे उठून ज्याच्यापुढे बसत, त्याचे नावच मुळी यंत्र होते.

जाते कोणी सोडले?

जात्याभोवती मराठी मनाने जेवढे जिव्हाळ्याचे वलय उभे केले, तेवढे दुसऱ्या कोणत्याही भांड्याभोवती नसेल. जनाबाईबरोबर दळायला प्रत्यक्ष विठ्ठल बसतो ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात जनाबाईचे म्हणून जाते आजही दाखवतात. जात्यावरच्या ओव्या हे तर मराठी बायकांनी रचलेले, कागदावर न लिहिलेले मोठे वाङ्मय. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन' या संग्रहात त्या गोळा केल्या. पुढे पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या उतरवून घेतल्या. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीची वाट, दुष्काळ, सगळे त्यांत आहे.

पण या ओव्यांचा अर्थ लावताना आपण एक गल्लत करतो. ओव्या गोड आहेत म्हणून दळण गोड होते, असे आपण समजतो. खरे तर काम इतके लांबलचक आणि एकसुरी होते की गाण्यावाचून ते ओढले जात नसे. जोडीला कोणी असेल तर बरे, नाहीतर एकटीनेच खुंटा फिरवायचा. माझी आजी सांगे की पहाटे चारला उठून दळण संपवले नाही तर दिवसाची घडी बसत नसे. दहा-बारा माणसांचे घर, सणावाराला त्याच्या दुप्पट. बाळंतपणाचे दिवस सोडले तर या कामाला सुट्टी नाही. तिच्या उजव्या तळहातावरचा घट्टा ती जाईपर्यंत तसाच होता. विठ्ठल जनीकडे दळायला आला, या कथेतली कळकळ मला त्या घट्ट्याकडे पाहून समजली. देवाने येऊन हात लावावा, असे वाटण्याइतके ते काम जड होते.

मग मोहल्ल्यात पिठाची चक्की आली. आजी सांगे की घरातल्या पुरुषांनी महिनाभर कुरकुर केली. चक्कीचे पीठ गरम होते, पोळीला ती चव नाही, असे म्हणणे. त्यात तथ्यही असेल, वेगाने फिरणाऱ्या दगडांत पीठ तापते हे खरेच आहे. आजीने वाद घातला नाही. "चव हवी असेल तर जाते तिथेच आहे," एवढेच ती म्हणाली. कोणी उठले नाही. जाते आधी पडवीत गेले, मग अंगणात. त्याचा वरचा दगड पुढे कित्येक वर्षे आमच्या मागील दाराशी पायरी म्हणून होता आणि आजी रोज त्याच्यावर पाय देऊन तुळशीला पाणी घालायला जाई.

हे सांगण्याचा हेतू जात्याला नावे ठेवण्याचा नाही. चक्कीतही दोन दगडच एकमेकांवर फिरतात. डोसा-इडलीचे पीठ वाटण्याचे विजेचे रगडे १९५०च्या दशकात कोइंबतूरमध्ये तयार होऊ लागले, त्यांतही दगड दगडच राहिला, फक्त त्याला मोटर लागली. दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती चांगली होती, म्हणून ती टिकली. सुटला तो खुंटा धरणारा हात. आणि ज्यांचा हात सुटला, त्यांच्यापैकी कोणी तो पुन्हा धरायला मागितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

स्वयंपाकघर उभे राहिले

जुन्या वस्तू गेल्या यामागे आणखी एक मोठा बदल आहे. तो आपल्या डोळ्यांसमोर घडला, म्हणून त्याच्याकडे इतिहास म्हणून आपण पाहत नाही. आपले स्वयंपाकघर बसलेले होते, ते उभे राहिले.

चूल जमिनीवर होती तोवर सगळे काम जमिनीवर होते. पाटावर बसून विळीवर चिरायचे, पाट्यावर वाटायचे, बसूनच पोळ्या लाटायच्या, खांबाला दोरी बांधून बसूनच ताक घुसळायचे. स्वीडनमध्ये १८९२च्या सुमारास निघालेल्या प्रायमस स्टोव्हची भावंडे आपल्या घरांत आली, तरी ती बहुधा जमिनीवरच होती. मुंबईत १९५०च्या दशकात 'बरशेन' गॅस आला, १९६५ साली 'इंडेन' सुरू झाला आणि हळूहळू गॅसची शेगडी कमरेइतक्या उंच ओट्यावर चढली. १९५९ साली देशी प्रेशर कुकर बाजारात आले होते, तेही तिच्या शेजारी बसले. आमच्याकडे हे सारे यायला १९७०चे दशक उजाडले.

शेगडी वर गेली आणि बाकीच्या वस्तूंपुढे प्रश्न उभा राहिला: ओट्यावर येता, की खालीच राहता? पोळपाट-लाटणे सहज वर आले. खलबत्ता आला. जाते आणि उखळ येणे शक्यच नव्हते. पाटा काही घरांनी ओट्याच्या कोपऱ्यात बसवून घेतला, पण उभ्याने वाटताना अंगाचा भार पडत नाही, मनगटेच दुखतात. ज्या वस्तूंना हा जिना चढता आला त्या टिकल्या, असे म्हणायला हरकत नाही. अपवाद फक्त विळीचा. ती ओट्यावर नीट आली नाही, तरी गेलीही नाही.

विळीचे बळ

विळी ही महाराष्ट्राचीच मिरास नाही. गोव्यात तिला आदोळी म्हणतात, कर्नाटकात ईळगेमणे, तमिळनाडूत अरुवामणै, बंगालात बोटी. किनाऱ्याकाठच्या प्रदेशांत, जिथे नारळ आणि मासे आहेत, तिथे ती विशेष दिसते. इकडे माळव्यात आमच्या शेजारणी चाकूने भाजी चिरत. लहानपणी त्या आईच्या विळीकडे जरा भीतीनेच पाहत. "ये मराठी लोगों का हथियार है," असे एक काकी म्हणत. नारळ न पिकणाऱ्या या मुलखात, होळकरांच्या राज्यात आलेल्या घरांनी टोकाला खवणी असलेली विळी का सांभाळली असेल, याचे उत्तर गणपतीच्या नैवेद्यात आहे. नारळ बाहेरून येत, मोजून येत. जो येई त्याचा कण वाया घालवायचा नाही, ही त्यामागची शिस्त.

विळीचे वैशिष्ट्य सोपे आहे. चाकू हलतो आणि भाजी स्थिर राहते, विळीवर पाते स्थिर आणि भाजी हलते. पायाने किंवा मांडीने पाट दाबून धरला की दोन्ही हात मोकळे. लाल भोपळा, सुरण, कोबीचा मोठा गड्डा, तेलाचा हात लावून फोडायचा फणस, अशा अवजड गोष्टी चाकूने चिरताना चाकूवर जोर द्यावा लागतो आणि तो निसटला तर हातावर येतो. विळीवर दोन्ही हातांचा जोर भाजीवर पडतो. गवार-घेवड्याची मूठभर जुडी करून सरसर बारीक चिरणे तर विळीचेच काम. उलट कांदा, टोमॅटो चाकूने चटकन होतो, आणि आजकालच्या बहुतेक घरांनी अगदी हीच वाटणी केली आहे.

खवणीचे तर आणखी स्पष्ट आहे. किसणीवर खोबरे किसायचे तर आधी करवंटीपासून सोडवावे लागते, पाठीची तपकिरी साल काढावी लागते, नाहीतर ती किसात येते. मिक्सरमधून फिरवले की त्याचे तुकडे होतात किंवा लगदा. खवणीचे गोल दातेरी टोक करवंटीच्या आतून फिरते, वाटीच्या कडेकडेने मऊ पांढरा चव खाली पडतो आणि साल जवळ आली की हाताला कळते. तिथे थांबायचे. हे 'थांबणे' मोटरला येत नाही. मोदकाच्या सारणाचा पांढरेपणा आणि ओलसरपणा या थांबण्यावर अवलंबून असतो. प्रदर्शनातल्या आजींचे यंत्र खोक्यात का राहिले, ते आता लक्षात येईल.

विळीचे तोटेही आहेत. उघडे पाते घरात लहान मूल असले की काळजी लावते, म्हणून काम झाले की ती आडवी करून ठेवायची, कोणाला ओलांडू द्यायची नाही, असे दंडक होते. खाली बसणे आता अनेकींच्या गुडघ्यांना मानवत नाही. बाजारात पाते मिटणाऱ्या आणि ओट्याच्या कडेला स्क्रूने आवळायच्या विळ्या-खवण्या मिळतात त्या याचसाठी. बदल करून का होईना, पण ठेवायची, हा निर्णयही वापरणाऱ्यांनीच घेतला.

मिक्सरने काय जिंकले?

वाटण्याच्या बाबतीत लढत अटीतटीची झाली. परदेशी मिक्सर इथे आले ते फळांचे रस आणि केकची मिश्रणे डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले. आपली हळकुंडे, सुके खोबरे, भिजवलेली डाळ त्यांत घातली की मोटर जळे. असाच एक परदेशी मिक्सर माधुरी माथूर यांच्या घरी जळाला. त्यांचे पती सत्यप्रकाश माथूर अभियंता होते. भारतीय वाटणाला पुरे पडेल अशी मोटर बनवण्याच्या खटपटीतून १९६३ साली 'सुमीत' मिक्सर निघाला. पुढे कित्येक वर्षे मराठी घरात मिक्सरला मिक्सर न म्हणता सुमीतच म्हणत. रोजचे वाटण पाट्यावर करण्याचे कष्ट त्याने संपवले आणि त्याबद्दल तक्रार करण्यासारखे काही नाही.

तरी खलबत्ता राहिला. कारण दोघे करतात ते काम एक नाही. मिक्सरची पाती मिनिटाला १८ ते २० हजार फेरे घेतात आणि पदार्थ कापत जातात. दगड किंवा बत्ता कापत नाही, चेचतो. चेचल्याने लसणाच्या पाकळीतला रस आणि खोबऱ्यातले तेल बाहेर येऊन एकमेकांत मुरते. लसणाचा तो तिखट वास मुळात त्याच्या पेशी फुटल्यावरच तयार होतो. लसणाची कोरडी चटणी, हिरव्या मिरचीचा खर्डा किंवा ठेचा, वेलची-जायफळाची पूड, चहाचे आले या गोष्टी थोड्या आणि ताज्या लागतात. चमचाभर वेलचीसाठी मिक्सरचे भांडे काढणे, त्याच्या तळाशी अर्धी पूड चिकटणे, मग ते धुणे, यापेक्षा चार ठोके सोपे. आमचे माळवी शेजारी खलबत्त्याला इमामदस्ता म्हणतात आणि पाट्याला सिलबट्टा. त्यांच्याही घरांत इमामदस्ता ओट्यावर आला आणि सिलबट्टा अंगणात राहिला. दोन भाषांच्या बायकांनी एकमेकींना न विचारता एकच निकाल दिला.

पुरणयंत्राचे वय

आता एक अशी वस्तू, जिला आपण हमखास जुनी समजतो. पितळेचे, तीन पायांवर उभे राहणारे, हाताने गोल फिरवायचे पुरणयंत्र. आमच्या लहानपणी पुरणाच्या दिवशी ते शेजारीपाजारी फिरे. एका वाड्यात एकच असे. त्यामुळे ते पेशवाईपासून चालत आले असावे, असा आपला समज होतो.

पण पुरणपोळी जुनी असली, तरी यंत्र तेवढे जुने नाही. यंत्राआधी पुरण पाट्यावर वाटत. भाषा त्याची साक्ष देते. यंत्रातून काढतानाही आपण 'पुरण वाटून घेतले' असेच म्हणतो, जरी त्यात वाटणे काही नसते. छिद्रांची जाळी आणि तिच्यावर दाब देत फिरणारे पाते ही रचना कारखान्यांच्या युगातली आहे. फ्रान्समध्ये झाँ मांतले यांनी उकडलेल्या भाज्या गाळण्याची अशीच हातयंत्रे १९३२पासून विकायला सुरुवात केली आणि त्यांच्या कंपनीचा पाया त्यावर रचला गेला. आपले पुरणयंत्र याच जातीचे.

म्हणजे पाट्यावरून यंत्रावर येताना आपल्या आज्यांनी परंपरा मोडली होती, आणि ते बरेच केले. चण्याची डाळ शिजवून गुळात आटवल्यावर ती पाट्यावर ओढणे हे खांदे भरून आणणारे काम. मिक्सर आला तेव्हा मात्र अनेकींनी पुढची पायरी चढण्याचे नाकारले. मिक्सरमध्ये पुरण चिकट होते, आणि न शिजलेला दाणा बारीक होऊन त्यातच लपतो. यंत्राची जाळी तो दाणा वर अडवते. पोळी लाटताना फुटते ती अशा एखाद्या दाण्यानेच. म्हणून पुरणयंत्र राहिले. 'यंत्र' शब्दाची फेरी इथे पूर्ण होते. एक यंत्र जाते होऊन घराबाहेर गेले, दुसरे यंत्र म्हणूनच आले आणि परंपरा होऊन बसले.

बाकीची मंडळी

चकलीचा सोऱ्या अजून घरोघरी आहे, कारण दाब किती द्यायचा हे पीठ सांगते आणि ते हातालाच ऐकू येते. इंदूरच्या शेवेच्या दुकानांत मोठ्या झाऱ्यावर तळहाताने पीठ घासून शेव पाडणारे कारागीर आपण रोज पाहतो, तोही त्यातलाच प्रकार. लाकडी रवी ताकापुरती उरली. सावकाश घुसळल्याने लोण्याचे कण एकत्र येऊन गोळा होतो, फार वेगाने आणि उष्णतेने ते विरघळते, हे जिला कळते ती मिक्सरमध्ये ताक करतानाही बर्फाचा खडा घालते. लोखंडी तवा आणि कढई मध्यंतरी माळ्यावर गेल्या होत्या, त्या परत उतरल्या. खरपूस भाकरी आणि नीट परतलेली भाजी हे त्यांचे बळ.

पितळेची भांडी मात्र गेली, आणि तीही विचार करूनच गेली. आंबट पदार्थ पितळेत कळकतो, म्हणून आतून कथलाची कल्हई लागते. नवसागराचा धूर काढत, भाता चालवत गल्लीत बसणारा कल्हईवाला यायचा थांबला आणि पितळेचे गणितच विस्कटले. स्टेनलेस स्टील आले. बोहारणींनी जुन्या जरीच्या साड्या घेऊन स्टीलचे डबे दिले. त्या सौद्यात आपण हरलो की जिंकलो, यावर आजही घराघरांत दोन मते आहेत. साड्यांबद्दल हळहळ वाटते, पण पितळ चिंचेने घासणारे हात मात्र सुटले.

गेले ते कुठे गेले?

स्वयंपाकघरातून जे गेले, ते घरातून पूर्ण गेलेले नाही. त्यांनी फक्त जागा बदलली. लग्नात घाणा भरताना आंब्याची पाने बांधलेली मुसळे आणि उखळ लागते, हळद दळायला जाते लागते. ज्यांच्या घरी नाही, ते शेजारून आणतात किंवा हातभर उंचीचे खेळण्यातले घेतात. बाळाच्या पाचवीला पाटा-वरवंटा पूजतात. बारशाला कुंचडे घातलेला वरवंटा पाळण्याखालून फिरतो, आणि त्या काळ्या दगडाला बाळ समजून घेताना बायकांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते कोणत्याही नव्या वस्तूला मिळणार नाही. बाकी सगळे भाषेत जाऊन बसले. उखळ पांढरे होते, मुसळ केरात जाते, दळण दळले जाते, विळ्या-भोपळ्याचे सख्य असते. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण कळायला जाते आणि सूप दोन्ही पाहिलेले असावे लागते. आमच्या नातवंडांना ती समजावताना मला हाताने खुंटा फिरवून दाखवावा लागला.

या सगळ्याचा हिशेब मांडला तर एक गोष्ट लक्षात येते. हा निवाडा कोणा तज्ज्ञाने केला नाही. साठ-सत्तर वर्षांत, घरोघरी, वेगवेगळ्या बायकांनी प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारले की हिने कामाला चव येते की फक्त कष्ट वाढतात. जिचे उत्तर 'कष्ट' आले ती अंगणात गेली. जिचे उत्तर 'चव' आले ती राहिली, मग ती साडेतीन हजार वर्षांची असो वा शंभरीही न गाठलेली. हा निवाडा करण्याची संधीही त्यांना उशिराच मिळाली, हे विसरता कामा नये. आमच्या घरात स्कूटर आधी आली आणि मिक्सर त्यानंतर नऊ वर्षांनी. तोवर पाट्यावरची चटणीच कशी चविष्ट लागते, हे सांगणारे जेवायला बसत होते, वाटायला नाही.

म्हणून प्रदर्शनातल्या जात्याला माळ घालताना माझी एक सूचना आहे. पाटीवर 'आरोग्याचा ठेवा' एवढेच न लिहिता, ते कोण दळत असे, किती माणसांचे, पहाटे किती वाजता, हेही लिहावे. ज्यांना ते आठवते अशा थोड्याच जणी आता आपल्यात आहेत. मंडळातल्या तरुण मुलामुलींनी या दहा दिवसांत त्यांच्याशेजारी बसून ते विचारून घ्यावे. ओव्या उतरवल्या गेल्या, तसा हा हिशेबही उतरवला जायला हवा.

आणि ज्यांना जुन्या वस्तूंचे मनापासून प्रेम आहे, त्या गृहस्थांसाठी चतुर्थीच्या सकाळी विळी तयार असते. नारळ फोडून ठेवलेले असतात. पाट मांडून बसावे, खवायला घ्यावे. साल जवळ आली की हाताला कळते. पहिल्या वर्षी कळत नाही, दुसऱ्या वर्षी कळू लागते.